भालेराव सरांची किल्ली

भालेराव सर गेले त्याच्या पुढच्या रविवारी त्यांची शोकसभा झाली. हॉल लहान होता आणि तोही पुरता भरला नव्हता. चौघे जण बोलले: तंत्रनिकेतनातले त्यांचे एक जुने सहकारी, सोसायटीचे सेक्रेटरी, एक माजी विद्यार्थी आणि आमच्या कार्यालयाचे प्रमुख लिमये. चौघांनीही फिरून फिरून एकच शब्द वापरला, विश्वासू. बोलणं संपवून लिमयांनी माझ्याकडे पाहिलं आणि मानेनंच विचारलं, बोलतेस का. मी नको म्हटलं. मला रडू येत असावं असं त्यांना वाटलं. खाली येऊन बसताना ते शेजारच्या बाईंना हळूच म्हणाले, "हिला मुलीसारखं मानायचे ते."

ते खरं होतं. त्या दिवशी बोलले नाही ते आता लिहिते आहे. नावं बदलली आहेत, बाकी काही बदललेलं नाही.

आमचं कार्यालय शनिवार पेठेत, एका औषधांच्या दुकानाच्या वर आहे. शाळांसाठी स्वाध्यायपुस्तिका आणि लहान लहान शब्दसंग्रह आम्ही तयार करतो. माणसं सहा आणि संगणक सात. ते सात संगणक सांभाळायला सर आठवड्यातून दोनदा यायचे, मंगळवारी आणि शुक्रवारी. तंत्रनिकेतनात तीस वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झाले होते. राहायला कसबा पेठेत. तिथून चालत येत आणि अकरा वाजता जिन्यावर त्यांची पावलं वाजत. उंच, खांद्यात किंचित वाकलेले, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि बाहीला मोजून दोन घड्या. खिशात चष्म्याची जुनी डबी असे आणि तिच्यात चष्म्याऐवजी चार पेनड्राइव्ह. चष्मा कायम नाकावर.

दुरुस्तीला ते लगेच हात घालत नसत. आधी उलटतपासणी घेत.

"स्क्रीनवर काय आलं होतं?"

"काहीतरी एरर आली, सर."

"'काहीतरी' या नावाची एरर अजून कुणी लिहिलेली नाही. आठवा. मी तोवर चहा घेऊन येतो."

आणि खरोखर खाली जाऊन चहा घेऊन येत. ते परत येईपर्यंत माणूस घाबरून काय काय आठवत असे. हळूहळू आम्ही सगळेच स्क्रीनवरचा मजकूर वहीत उतरवायला शिकलो. अर्धी दुखणी तो मजकूर नीट वाचल्यावर आपली आपणच बरी व्हायची. "मी फक्त वाचून दाखवतो," सर म्हणत. "पगार त्याचाच घेतो."

सगळ्यांशी 'आपण'. झाडू मारणाऱ्या मावशींशीही 'आपण'. त्या आधी बुजायच्या, मग त्याही त्यांना 'आपण चहा घेतला का' विचारायला लागल्या.

दुसऱ्याचा पासवर्ड ऐकणं किंवा पाहणं त्यांना शिवी ऐकल्यासारखं वाटे. एकदा लिमये बाहेरगावी होते आणि त्यांच्या संगणकावरची एक फाइल तातडीनं हवी होती. त्यांनी फोन केला, फोन स्पीकरवर होता, आणि त्यांनी सहा जणांसमोर आपला पासवर्ड अक्षर अक्षर सांगायला सुरुवात केली. सरांनी दोन्ही कानांवर हात ठेवले आणि गॅलरीत निघून गेले. लिमये परत आल्यावर सर त्यांना म्हणाले, "आपण दाराला कुलूप लावून किल्ली चौकात टांगलीत." पासवर्ड तिथल्या तिथे बदलायला लावला. लिमये नवा टाइप करत होते तोवर सर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून उभे राहिले.

मी नवा लॅपटॉप घेतला तेव्हा तो आधी त्यांच्याकडेच नेला. आमचं पानं लावायचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालायचं, म्हणून विंडोज हवंच होतं. सर म्हणाले, "अर्धा ऑफिसला द्या, अर्धा स्वतःला ठेवा." अर्ध्यात त्यांनी लिनक्स घातलं, विंडोजसारखीच संगणक चालवणारी दुसरी व्यवस्था. मशीन सुरू केलं की आधी यादी येणार, दोनांतलं कुठलं हवं ते निवडायचं. लिनक्समध्ये माणसाच्या स्वतःच्या फाइली जिथं राहतात त्या भागाला 'होम' म्हणतात. सर सरळ 'घर' म्हणत.

"घराला कुलूप घालू या का?" त्यांनी विचारलं. "मशीन सुरू होतानाच किल्ली मागेल. किल्ली म्हणजे एक लांबसं वाक्य. ते दिल्याशिवाय घर उघडणारच नाही. लॅपटॉप चोरीला गेला तरी आतलं कुणाला वाचता येणार नाही."

"माझ्याकडे खासगी असं काही नाही हो, सर."

"मग आजपासून ठेवा," ते म्हणाले. "माणसाचं काहीतरी असावं खासगी."

त्यांनी बराच वेळ खाली मान घालून काय काय टाइप केलं. मग लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला आणि खिडकीकडे वळून उभे राहिले. "आपलं वाक्य घाला. टाइप करताना पडद्यावर काहीही दिसणार नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. बोटांवर भरवसा ठेवा." मी दोनदा घातलं. मग त्यांनी मला पाच वेळा मशीन बंद करून सुरू करायला लावलं. यादी, लिनक्स, काळा पडदा, किल्लीचा प्रश्न, माझं वाक्य, आणि मग माझं घर.

"आता एक नीट ऐका," ते म्हणाले. "हे वाक्य मलाही सांगायचं नाही. आणि विसरलात तर गेलं. मी आलो तरी काही करू शकणार नाही. ही किल्ली जगात फक्त आपल्याकडे आहे."

मला त्याचा फार आनंद झाला होता. मी तेव्हा चौतीस वर्षांची होते, धायरीला सासरी राहत होते. सासूसासरे, दीर, जाऊ, दोन पुतणे, चार खोल्या. आमच्या खोलीच्या दाराला कडी होती, पण ती दिवसा लावायची पद्धत नव्हती. फक्त माझी अशी पहिली जागा मला सरांनी करून दिली.

त्याच दिवशी निघताना त्यांनी मला सुमतीबाईंचं सांगितलं. त्यांची पत्नी. तीन वर्षांपूर्वी गेल्या होत्या. शेवटची काही वर्षं त्या रोज दुपारी संगणकावर काहीबाही लिहीत बसायच्या, आणि त्यांच्याही घराला सरांनीच कुलूप घालून दिलं होतं. बाई अचानक गेल्या. वाक्य त्यांच्याबरोबर गेलं.

"उघडायचा प्रयत्न नाही केलात?" मी विचारलं.

"तिनं मला सांगितलं नव्हतं," सर म्हणाले. "सांगायचं असतं तर सांगितलं असतं."

एवढंच. मी त्या संध्याकाळी बसमध्ये तेच वाक्य मनात घोळवत होते. ऑफिसात मी ते सगळ्यांना सांगितलं. सरांबद्दल कुणाला काही सांगायचं झालं की आम्ही तीच गोष्ट सांगायचो.

त्यानंतर मी लिहायला लागले. रोजचंच. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. कर्वे रस्त्यावरच्या एका हॉस्पिटलात आयव्हीएफचे उपचार चालू होते. इंजेक्शनं, सोनोग्राफी, मग पंधरा दिवस वाट पाहणं, मग फोन. चार वेळा झालं होतं, चारही वेळा फोनवरचा आवाज सारखाच मऊ होता. घरात कुणी वाईट नव्हतं. सासूबाई म्हणायच्या, "व्हईल गं, देवाच्या मनात हाय." माझा नवरा निखिल प्रत्येक वेळी सुट्टी काढून सोबत यायचा, गाडी लावायचा, फाइल धरायचा. तो इतका नीट वागायचा की त्याला 'बास' म्हणायची मला चोरी वाटायची. ते मी घरात लिहायचे. म्हणजे त्या, कुलपातल्या घरात. मला आता नकोय, मी दमले आहे, हे वाक्य मी तिथं किती वेळा लिहिलं असेल. लिफ्टचंही लिहिलं होतं. हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्याचं बटण दाबताना माझं बोट थरथरायचं, म्हणून मी ते निखिलला दाबायला सांगायचे, हातात पर्स आहे असं दाखवून.

पाचव्या वेळेची तयारी चालू होती तेव्हा लॅपटॉप बिघडला. एका अपडेटनंतर सुरुवातीची यादीच नाहीशी झाली. सरळ विंडोज सुरू व्हायचं. लिनक्स जणू कधी नव्हतंच. मी रडकुंडीला आले. सरांनी नेहमीसारखी उलटतपासणी घेतली नाही. माझ्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाले, "दोन दिवस ठेवा माझ्याकडे. घर कुठं जात नाही. दार दिसत नाहीये एवढंच."

तीन दिवसांनी, शुक्रवारी, त्यांनी लॅपटॉप परत आणला. यादी आली होती. मी वाक्य घातलं तोवर ते कॅलेंडरकडे तोंड करून उभे होते. सगळं जिथल्या तिथं होतं. मी त्यांना वाकून नमस्कार केला. तसं आमच्याकडे कुणी करत नाही, पण केला. ते एकदम दोन पावलं मागे सरकले. "अहो, हे काय," म्हणाले आणि चहाला निघून गेले.

साधारण तीन आठवड्यांनी, एका रविवारी दुपारी, निखिल आणि मी गच्चीत कपडे वाळत घालत होतो. त्यानं चादरीचं एक टोक धरलं होतं. तो म्हणाला, "अनघा, आपण थांबू या."

"कशाचं?"

"हॉस्पिटलचं. आपण दोघंच राहू. मला चालेल. तू दमली आहेस."

मी चादर तशीच सोडली आणि गच्चीच्या कट्ट्यावर बसून रडले. तो शेजारी बसून राहिला. मी त्याला कधीही काही म्हटलं नव्हतं आणि त्याला कळलं होतं. आमच्या लग्नात असा क्षण आधी आला नव्हता. त्यानंतर कित्येक महिने मी त्याच्याकडे वेगळ्या नजरेनं पाहत होते. तो साधा दाढी करत असला तरी मला वाटायचं, याला न सांगता कळतं. सासूबाईंना त्यानंच सांगितलं. दोन दिवसांनी त्या म्हणाल्या, "जीवापरीस काय मोठं नाय." तेही मला त्याचंच देणं वाटलं.

दीड वर्ष मी तशी होते.

मग एकदा निखिलच्या मित्राकडे जेवायला गेलो होतो. त्या मित्राच्या घरीही तोच प्रश्न होता आणि बायको पुढच्या खोलीत बसून ऐकत होती. निखिल त्याला समजावत होता. "बाईच्या शरीराचे हाल आपल्याला कळत नाहीत रे," तो म्हणाला. "हिचं तर लिफ्टचं बटण दाबताना बोट थरथरायचं. मला म्हणायची, हातात पर्स आहे, तू दाब."

माझ्या हातात कोशिंबिरीचं भांडं होतं. ते मी खाली ठेवलं.

धायरीला परत येताना गाडीत मी विचारलं, "बटणाचं तुला कुणी सांगितलं?"

"तूच सांगितलं असशील."

"मी कुणालाही सांगितलेलं नाही."

त्यानं गिअर बदलला आणि समोर बघत गाडी चालवत राहिला. मला वाटलं यानं माझं वाक्य ओळखलं असावं. घरी येऊन मी ते बदललं. नवं, लांब, त्याला स्वप्नातही सुचणार नाही असं. तीन दिवस मी त्याच्याशी कामापुरतं बोलले. चौथ्या दिवशी तोच खोलीत आला, दाराची कडी लावली आणि म्हणाला, "मी तुझा लॅपटॉप उघडलेला नाही. शपथ. मला भालेराव सरांनी सांगितलं होतं."

सरांनी त्याला फोन करून मंडईजवळ भेटायला बोलावलं होतं. म्हणाले होते, तिला हे नको आहे आणि ती तुम्हाला सांगणार नाही. लिफ्टचं सांगितलं होतं. आणि शेवटी म्हणाले होते, मी सांगितलं असं तिला कळू देऊ नका, तुम्हालाच सुचलं असं म्हणा.

"तुझ्या मनात होतं का थांबायचं?" मी विचारलं.

"मला कुठं माहीत होतं तुला नको आहे ते?"

"म्हणजे तुला कळलं नव्हतं."

"नाही," तो म्हणाला. मग, "मी वाईट केलं का, अनु?"

मी उठून दाराची कडी काढली.

सरांनी कसं वाचलं हे मात्र मला समजेना. किल्ली तर जगात फक्त माझ्याकडे होती. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली, निखिल कामावर गेल्यावर लॅपटॉप घेऊन बसले आणि सरांनीच शिकवलं होतं तसं केलं: वाचलं. या कुलपाची माहितीपुस्तिका वाचली. तिच्यात पहिल्याच पानांत लिहिलेलं होतं की एका कुलपाला एकाहून जास्त किल्ल्या ठेवता येतात. प्रत्येक किल्लीला एक खण. एक किल्ली बदलली तरी बाकीच्या तशाच राहतात. कुठले खण भरलेले आहेत ते पाहायची आज्ञाही दिलेली होती. मी ती दिली.

दोन खण भरलेले होते. शून्य आणि एक, कारण मोजणी शून्यापासून होती. माझं वाक्य कुठल्या खणात आहे ते तपासलं. ते दुसऱ्यात होतं. म्हणजे त्या दिवशी मला लॅपटॉप देण्याआधी ते खाली मान घालून जे टाइप करत होते ती पहिली किल्ली होती, त्यांची. माझी त्यांनी नंतर, जोडीला, घालून घेतली होती.

पुढच्या सकाळी साडेआठला मी कसबा पेठेत त्यांच्या दारात उभी होते. ते स्वयंपाकघराच्या ओट्याशी गवार मोडत होते. मला पाहून म्हणाले, "या, या. चहा टाकतो."

"चहा नको. सर, माझ्या डिस्कवर दोन किल्ल्या आहेत."

त्यांनी हातातली शेंग ताटलीत ठेवली. "हो," म्हणाले.

"आपण म्हणाला होतात, आपल्यालाही उघडता येणार नाही."

"तसं म्हटल्याशिवाय माणसं काळजी घेत नाहीत. आणि घेतली तरी विसरतात. विसरल्यावर रडत माझ्याकडेच येतात. तेव्हासाठी होती ती."

"मी विसरले नव्हते. यादी गेली होती. किल्लीचा त्यात काही संबंधच नव्हता."

त्यांनी ताटलीतली शेंग पुन्हा उचलली.

"वाचलंत का?"

"दुरुस्तीनंतर फाइली शाबूत आहेत का, एवढंच बघायचं होतं. एक उघडून पाहिली. आपण शेवटची उघडली होती ती." ते थांबले. "ती मग मिटता आली नाही."

"किती वाचलं?"

"सगळं."

बाहेर जिन्यात कुणीतरी दूधवाल्याशी सुट्ट्या पैशांवरून वाद घालत होतं. मी ओट्यासमोरच्या स्टुलावर बसले.

"निखिलला का सांगितलंत?"

"तू सांगणार नव्हतीस," ते म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा 'तू'. ते त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण त्यांनी मान खाली घातली. "सुमतीनं तीन वर्षं काय लिहिलं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. ती माझ्याशी फार बोलत नसे. का बोलत नसे तेही कळलं नाही. गेल्यावर चौदा महिने मी रोज संध्याकाळी तिच्या मशीनपुढे बसून वाक्यं घालून बघत होतो. मुलीचं नाव, तिच्या माहेरचं गाव, आमच्या लग्नाची तारीख. माझं नावसुद्धा घालून बघितलं."

"आपण तर म्हणाला होतात, प्रयत्न केला नाही."

"ते ऐकायला बरं वाटतं," सर म्हणाले. "त्यानंतर मी कुणाचंही घर दुसऱ्या किल्लीशिवाय बंद केलं नाही."

"कुणाचंही?"

"कुणाचंही."

मी उठले. ते घाईघाईनं म्हणाले, "ताई, मी गप्प बसलो असतो तर आपण अजून त्या लिफ्टमध्ये असता. हे खोटं आहे का?"

खोटं नव्हतं. त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला होता. "सर," मी म्हटलं, "मी दीड वर्ष समजत होते की माझ्या नवऱ्याला माझ्या मनातलं आपोआप कळलं. माझ्याकडे तेवढी एक गोष्ट होती. ती आता नाही."

ते चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसत राहिले. मी जिना उतरले.

घरी येऊन आधी सगळ्या फाइली दुसरीकडे उतरवल्या, मग पहिला खण रिकामा करायची आज्ञा दिली. आज्ञा पुरी होण्याआधी संगणकानं मला उरलेली किल्ली मागितली. मी दिली. दोन सेकंदांचं काम होतं.

ऑफिसात मी काही बोलले नाही. बोलले असते तर काय वाचलं गेलं हेही सांगावं लागलं असतं. पण बाकीच्या पाच जणांना तसंच सोडणंही शक्य नव्हतं. त्यांतल्या दोघांच्या मशीनवर सरांनी माझ्यासारखंच घर बंद करून दिलेलं होतं. मी त्यांना म्हटलं, किल्ल्यांची नवी पद्धत आली आहे, पाच मिनिटं द्या. एका शुक्रवारी अकराच्या सुमारास मी अकाउंट्स पाहणाऱ्या शुभदाच्या टेबलाशी वाकून उभी होते. पडद्यावर तिचे दोन खण दिसत होते. जिन्यावर पावलं वाजली आणि सर आत आले. त्यांनी पडदा पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं.

"जमतंय का?" त्यांनी विचारलं.

"जमतंय."

"छान," म्हणाले. पिशवी खांद्यावरून न काढताच लिमयांच्या खोलीत गेले, दोन मिनिटांनी बाहेर आले आणि खाली उतरले. पुढच्या मंगळवारी ते आले नाहीत. गुडघे दुखतात, चालवत नाही, असं त्यांनी लिमयांना सांगितलं होतं. लिमये हळहळले. "असा माणूस मिळायचा नाही," म्हणाले. संगणकांची कामं हळूहळू माझ्याकडे आली. कुणी 'काहीतरी आलं' म्हणालं की मी नीट वाचायला लावते, पण चहाला जात नाही.

वर्षभरानं सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी त्यांना दाखवायला मी एकटीच घेऊन गेले होते, निखिलला सुट्टी नव्हती. मोठं हॉस्पिटल. डोळ्यांच्या विभागाकडे जाताना मधे पोटाच्या विकारांचा विभाग लागतो. तिथल्या बाकावर भालेराव सर बसले होते. शर्ट तसाच, बाहीला दोन घड्या, पण गळ्यापाशी कॉलरमध्ये आणखी एक मान मावली असती इतके वाळले होते. मांडीवर जाडजूड फाइल. मला पाहताच त्यांनी ती पालथी केली.

सासूबाईंच्या एका डोळ्यावर पट्टी होती. मी त्यांचा दंड धरला होता, त्यामुळे भरभर पुढं जाणंही शक्य नव्हतं.

"अनघाताई," सर म्हणाले. उठायचा प्रयत्न केला, तो अर्ध्यावर सोडला. "आपण मला इथं पाहिलं नाहीत."

मी उभी राहिले.

"मुलीला सांगितलेलं नाही अजून. कार्यालयातही कळायला नको. लिमये लगेच भेटायला येतील, फळं घेऊन." त्यांनी हसायचा प्रयत्न केला. "खरं म्हणजे काय आहे की डॉक्टर म्हणतात..."

"सर, मला काही सांगू नका," मी म्हटलं.

त्यांनी मान दोनदा हलवली, शिकवताना विद्यार्थ्यानं बरोबर उत्तर दिल्यावर हलवत असतील तशी. आतून नर्सनं त्यांचं नाव पुकारलं. एका हातानं फाइल छातीशी धरून, दुसऱ्यानं भिंतीचा आधार घेत ते आत गेले. दार लोटून घेतलं. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तेव्हा.

रिक्षात सासूबाईंनी विचारलं, "कोन मास्तर व्हते त्ये?"

"ऑफिसातले जुने."

"लई खंगल्यात."

"हो."

रात्री जेवताना निखिलनं डोळ्याचं विचारलं, थेंब कधी कधी घालायचे ते विचारलं. मग सहज म्हणाला, "दवाखान्यात कुणी ओळखीचं भेटलं का?"

"नाही," मी म्हटलं.

सासूबाईंनी उघड्या डोळ्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग ताटातला भात कालवायला घेतला.